कमी खर्चाची ‘प्रिमिटिव्ह’ घरसजावट: गॅरेजमधल्या कामाच्या नोंदी

६ सप्टेंबर २०२५, शनिवार. बक्स काउंटी, पेनसिल्व्हेनिया

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी गावात हस्तकलेची विक्री भरते. तिथल्या एका टेबलासाठी अमेरिकी ‘प्रिमिटिव्ह’ धाटणीचा माल करायचा आहे. यादी अशी: खुंट्यांच्या दोन पट्ट्या, तडकलेल्या रंगाच्या चार फळ्या, टोचलेल्या डब्यांचे कंदील, गंजवलेल्या घंटा, मांजरपाटाचे भरीव बदाम (हृदयाच्या आकाराचे), चिंध्यांच्या माळा, दालचिनीची लटकणं, संत्र्याच्या चकत्या आणि बॅटरीवरच्या मेणबत्त्या.

ही धाटणी न्यू इंग्लंड आणि पेनसिल्व्हेनियातल्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या शेतकरी घरांतून आली. घरी कालवलेला रंग, घरी विणलेलं कापड, पत्र्याची भांडी, चरबीच्या मेणबत्त्या. ‘प्रिमिटिव्ह’ हा शब्द संग्रहालयांत रुळण्यात १९३०-३१ सालच्या न्यूअर्क संग्रहालयातल्या ‘अमेरिकन प्रिमिटिव्ह्ज’ या प्रदर्शनाचा मोठा वाटा आहे. होल्गर काहिल यांनी ते मांडलं होतं आणि त्यात कलाशाळेत न शिकलेल्या, गावोगावच्या चित्रकारांचं काम होतं.

आज या नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळ वस्तूंवर सरसकट तपकिरी रंग फासलेला असतो. त्या नुसत्या मळक्या दिसतात. जुनेपणाला कारण लागतं: सतत हात लागून झिजलेली कड, पाणी लागून गंजलेला पत्रा, उन्हाने उडालेला रंग. म्हणून या कामात दोन गोष्टी धरून चालायच्या. झीज दाखवायची ती जिथे हात, दोरी किंवा कापड घासलं असतं तिथेच. आणि जिथे खरी रासायनिक क्रिया घडवता येते तिथे रंगाने नक्कल करायची नाही. लोखंड गंजवायचंच, लाकूड करडं करायचं ते लोहक्षारानेच. सुदैवाने हे रंगापेक्षा स्वस्तही पडतं.

कामाचा क्रम वाळण्याच्या वेळेवरून ठरवला आहे. गंजाला ऊन हवं, म्हणून तो सप्टेंबरात. दुधाच्या रंगाला पक्कं व्हायला वेळ लागतो, म्हणून त्यानंतर लगेच. कापड आणि दालचिनी ऑक्टोबरात, हवेतला दमटपणा उतरल्यावर.

७ सप्टेंबर

लाकूड जमवलं. खुंट्यांच्या पट्ट्यांसाठी पाइनची ‘एक बाय चार’ फळी, ८ फूट लांब. नावाला एक बाय चार असली तरी प्रत्यक्षात ती पाऊण इंच जाड आणि साडेतीन इंच रुंद (१९ × ८९ मिमी) भरते, हे माप काढतानाच लक्षात ठेवावं. ८ फुटांत ३६ इंचांच्या दोन पट्ट्या निघतात आणि जवळपास दोन फुटांचा तुकडा रंगाच्या चाचणीला उरतो. हा चाचणीचा तुकडा टाकून देऊ नये. पुढचं प्रत्येक द्रावण आणि रंग आधी त्यावर लावायचा.

चार फळ्या मालवाहू पॅलेटच्या, म्हणजे फुकटच्या. पॅलेट उचलण्यापूर्वी त्यावरचा शिक्का वाचावा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन किडीपासून मुक्त केलेलं लाकूड. लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटं ठेवलेला असतो. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं लाकूड. ते घरात आणायचं नाही. शिक्का नसलेलं, तेलाचे डाग पडलेलं किंवा उग्र वास येणारं लाकूडही सोडून द्यावं. दुकानाच्या मागे पडलेलं असलं तरी विचारूनच घ्यावं, कारण बरीच पॅलेट पुरवठादाराला परत जायची असतात.

फळी उपटायला पहारीने जोर लावला की ती खिळ्यापाशी चिरते. फळी आणि आडव्या दांड्याच्या फटीत धातू कापणारं पातं घालून खिळे आतल्या आत कापले तर फळी अखंड निघते, आणि खिळ्यांची डोकी तिच्यावर तशीच राहतात. ती राहू द्यावीत. त्यांच्या भोवतीचा काळसर डाग खरा आहे.

जुना रंग असलेलं लाकूड कुठून मिळालं तर तो रंग घासू नये. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या रंगाची भुकटी श्वासात जाणं धोक्याचं आहे, लहान मुलांना तर फारच.

१३ सप्टेंबर

कडक ऊन, म्हणून गंजाचं काम आजपासून.

आधी लोहचुंबक लावून वस्तू निवडल्या. चुंबक चिकटलं नाही तर ती पितळ किंवा ॲल्युमिनियमची आहे. तिला तांबूस गंज कधीच येणार नाही. बाजारातल्या स्वस्त घंटा पोलादाच्याच असतात, पण वर मुलामा आणि पारदर्शक लेप असतो. त्यावर द्रावण फवारलं तर ते थेंब होऊन ओघळतं आणि काहीच घडत नाही. १५० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चकाकी पूर्ण घालवायची, मग रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायच्या. जस्ताचा मुलामा असेल तर बुडबुडे येतात. ते थांबले की मुलामा गेला.

कंदिलांसाठी सूप आणि टोमॅटोचे रिकामे डबे. लेबल काढून डबा पाण्याने भरायचा, वर दोन सेंटिमीटर जागा सोडायची आणि फ्रीजरमध्ये रात्रभर गोठवायचा. आत बर्फ असला की खिळ्याने भोकं पाडताना पत्रा चेपत नाही. काठोकाठ भरला तर बर्फ प्रसरण पावून बूड फुगतं आणि डबा उभा राहत नाही. नक्षी कागदावर काढून कागद डब्याला चिकटवायचा, डबा गुंडाळलेल्या टॉवेलवर आडवा ठेवायचा, आणि प्रत्येक ठिपक्यावर खिळा व हातोडी. भोकांमधलं अंतर एक सेंटिमीटरपेक्षा कमी नको, नाहीतर दोन भोकांमधला पत्रा फाटतो. बर्फ सुटू लागला की काम थांबवून डबा पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवायचा.

१४ सप्टेंबर

गंजाचं द्रावण: ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड २ कप (सुमारे ४७५ मिली), पांढरं व्हिनेगर ४ मोठे चमचे, मीठ दीड छोटा चमचा. मीठ विरघळेपर्यंत ढवळून फवारणीच्या बाटलीत. औषधाच्या दुकानातली तपकिरी बाटली चालते, पण फार दिवस उघडी राहिलेली नको. तिच्यातला जोर गेलेला असतो.

हे काम उघड्यावरच, हातमोजे आणि चष्मा घालून. पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एकत्र आले की डोळे आणि घसा चुरचुरवणारं आम्ल थोडं तयार होतं. उरलेलं द्रावण झाकण लावून ठेवायचं नाही. त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुगते. भरपूर पाण्यात मिसळून ओतून टाकावं. ब्लीच याच्या आसपासही नको.

पहिली फवारणी केली की फेस येतो आणि मिनिटभरातच पिवळट तांबूस छटा दिसते. पूर्ण वाळू द्यायचं, मग दुसरी फवारणी. असे पाच-सहा थर. ओल्यावरच पुन्हा पुन्हा फवारलं तर कोवळा गंज धुऊन निघतो आणि वस्तू डागाळलेली राहते. घंटा टांगून फवारल्या तर गंजाचे ओघळ खाली उतरतात. पावसात टांगलेल्या घंटेवर ते तसेच येतात, म्हणून टांगूनच केलं.

डब्यांवर गंमत पाहण्यासारखी आहे. डब्याचा पत्रा म्हणजे पोलादावर कथलाचा पातळ मुलामा. कथील सहसा गंजत नाही, पण भोकं पाडताना कडेने तो तुटतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. प्रत्येक भोकाभोवती तांबूस वलय आणि बाकी पत्रा राखाडी. सगळा डबा एकसारखा गंजवण्यापेक्षा हे कितीतरी खरं वाटतं. म्हणून डबे घासायचे नाहीत, फक्त साबणाने धुवायचे.

शेवटचा थर वाळल्यावर वस्तू साध्या पाण्यात बुचकळून काढाव्यात. मीठ राहिलं तर ते हवेतलं पाणी ओढतं, गंज आतून चालू राहतो आणि हाताला लागतो. पुन्हा उन्हात वाळवून वर मॅट स्प्रेचा पातळ हात.

२० सप्टेंबर

खुंट्यांच्या पट्ट्या. ही रचना शेकर पंथीयांची, म्हणजे साधेपणाने एकत्र राहणाऱ्या अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाच्या लोकांची. त्यांच्या खोल्यांत भिंतीभर अशी पट्टी असे. तिच्यावर टोप्या, झाडू, इतकंच काय खुर्च्यासुद्धा टांगत, म्हणजे जमीन झाडायला मोकळी.

३६ इंचांच्या पट्टीवर खुंट्या ६, १२, १८, २४ आणि ३० इंचांवर. भिंतीत स्क्रू मारायची भोकं १० आणि २६ इंचांवर. या दोन भोकांत बरोबर १६ इंच येतात, आणि इथल्या बहुतेक घरांत भिंतीतले लाकडी खांब मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंचांवर असतात. भोकं खुंट्यांच्या मध्ये पडतात आणि दोन्ही टोकांपासून सारखी राहतात. हे मोजमाप आधी केलं नाही तर पट्टी नुसत्या प्लास्टरवर लटकते आणि दोन जड कोट टांगले की उपटून येते.

खुंट्यांच्या शेपटीचा व्यास बहुधा अर्धा इंच असतो, तरी पिशवीतल्या दोन-तीन मोजून मगच ड्रिलचं पातं निवडावं. पट्टीखाली टाकाऊ फळी धरून भोक पाडलं तर मागची बाजू फाटत नाही. खुंट्या आत्ता चिकटवायच्या नाहीत, रंगकाम झाल्यावर.

पहिली पट्टी करडी करायची आहे, जुन्या कोठाराच्या फळीसारखी. चार शून्य नंबरच्या स्टील वुलचा एक बोळा साबणाने धुऊन (त्यावर तेल असतं, ते गेलंच पाहिजे) अर्धा लिटर व्हिनेगरमध्ये परवाच टाकून ठेवला होता. झाकण सैल, हायड्रोजन वायू निघतो. आज कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळून घेतलं.

पाइनमध्ये टॅनिन (लाकडात आणि चहात असणारं तुरट द्रव्य) कमी. नुसतं लोहद्रावण लावलं तर पट्टी फिकट आणि डागाडागांची होते. म्हणून अर्धा लिटर उकळत्या पाण्यात काळ्या चहाच्या ६ पिशव्या अर्धा तास ठेवून तो कोरा चहा आधी ब्रशने लावला. तो वाळल्यावर लोहद्रावण. लोह आणि टॅनिन भेटले की लाकूड डोळ्यांदेखत करडं होऊ लागतं, आणि रंग दुसऱ्या दिवसापर्यंत गडद होत राहतो. म्हणून ‘अजून हवं’ असं वाटलं तरी त्याच दिवशी दुसरा हात देऊ नये. द्रावण काही आठवडे ठेवलं तर ते नारिंगी होतं आणि लाकूडही करड्याऐवजी गंजकट नारिंगी होतं.

एक गोष्ट चहा लावण्याआधीची: पट्टी पाण्याने पुसून, वाळवून, २२० नंबरने हलकी घासून घ्यायची. पाण्याने लाकडाचे धागे उभे राहतात. ते आधी घालवले नाहीत तर शेवटी पट्टी खरखरीत लागते.

२१ सप्टेंबर

दुसऱ्या पट्टीसाठी दुधाचा रंग. तयार भुकटी मिळते, पण घरचा फार स्वस्त.

साय काढलेलं दूध १ लिटर कोमट करून त्यात १२० मिली व्हिनेगर. दूध फाटलं की कापडातून गाळून चोथा पाण्याखाली धुवायचा, आंबट वास जाईपर्यंत. साययुक्त दूध चालत नाही. स्निग्धांशामुळे रंग लाकडाला धरत नाही. ३० ग्रॅम विरलेला चुना ६० मिली पाण्यात कालवून या चोथ्यात मिसळायचा आणि ब्लेंडरने फिरवायचा. चुना लोणच्याच्या बरण्या जिथे ठेवतात त्या मांडणीत ‘पिकलिंग लाइम’ म्हणून मिळतो. अर्ध्या तासात गुठळ्या विरघळून चिकट, पांढरट द्रव होतो. गाळून त्यात रंगाची माती. एकूण मिश्रण ताकाइतकं पातळ हवं.

चुन्याने कातडी भाजते, डोळ्यात गेला तर इजा होते. हातमोजे, चष्मा. आणि रंगद्रव्य चुना सोसणारंच हवं: गेरू, पिवळी माती, काळा आयर्न ऑक्साइड. प्रशियन निळा चुन्यात टिकत नाही, तो तपकिरी पडतो. इथल्या कोठारांचा प्रसिद्ध लाल म्हणजे गेरूच, तेलात कालवलेला.

चुना कमी पडला तर गुठळ्या राहतात. जास्त झाला तर वाळलेला रंग बोटाला पांढरा लागतो. चाचणीच्या तुकड्यावर पहिला हात देऊन तासाभराने कोरड्या फडक्याने पुसून पाहावं, तेवढ्यात कळतं. रंग त्याच दिवशी संपवायचा. दुसऱ्या दिवशी घट्ट होतो आणि वास मारतो.

खाली काळपट तपकिरी थर दिला. तो वाळल्यावर मधमाशांच्या मेणाचा गोळा ठरावीक जागी घासला: पट्टीची खालची कड, खुंट्यांच्या भोकांखालची जागा, दोन्ही टोकं. टांगलेल्या पिशव्या आणि कोट तिथेच घासतात. वरच्या कडेला मेण नाही, कारण तिथे धूळ बसते, हात लागत नाही. त्यावर गेरूचा हात. मेणावर तो धरत नाही. वाळल्यावर तासणीने हलकं खरवडलं की तेवढाच उडून खालचा काळा दिसतो. कोऱ्या पाइनवर दुधाचा रंग आत मुरून घट्ट बसतो, आपोआप उडत नाही. म्हणून मेणाशिवाय हे साधत नाही.

२७ सप्टेंबर

डॉयल्सटाउनचं मर्सर संग्रहालय पाहिलं. हेन्री मर्सर यांनी यंत्रपूर्व काळातली हत्यारं आणि घरगुती अवजारं जमवून १९१६ साली काँक्रीटची ही उंच इमारत पुरी केली. झिजेचा अभ्यास करायला याहून चांगली जागा जवळपास नाही. मुठी गुळगुळीत होतात आणि चमकतात, खरखरीत होत नाहीत. पॉलिश पेपरचे आडवेतिडवे ओरखडे कुठल्याच खऱ्या वस्तूवर नाहीत. शिवाय झीज क्वचितच दोन्ही बाजूंना सारखी असते. त्यामुळे फळ्यांच्या चारही कोपऱ्यांना समान घासण्याची पद्धत बंद. प्रत्येक फळीची एक बाजू ‘वापरातली’ ठरवायची.

२८ सप्टेंबर

पॅलेटच्या फळ्यांवर तडकलेला रंग. तडकवण्याचं महागडं माध्यम लागत नाही, शाळेतला पांढरा गोंद पुरतो.

तळाला गडद ॲक्रिलिक, पूर्ण वाळवून. त्यावर गोंदाचा सलग थर. गोंद बोटाला चिकटतो पण बोटावर येत नाही, अशा अवस्थेत वरचा फिकट रंग ब्रशच्या एकाच ओढीने. त्याच जागी दुसऱ्यांदा ब्रश फिरवला तर गोंद रंगात कालवला जातो आणि तडे पडायचे ते लगदा होतो. सगळी मेख याच क्षणात आहे. गोंद पूर्ण सुकला तर तडे पडतच नाहीत. फार ओला असेल तर रंग घसरतो.

गोंदाचा थर जाड असेल तर तडे मोठे आणि दूर, पातळ असेल तर बारीक आणि जवळ. ते ब्रशच्या दिशेने पडतात, म्हणून ब्रश लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. हेअर ड्रायरने घाई केली तर वर पापुद्रा धरतो आणि आतला गोंद ओला राहतो. दोन दिवसांनी तो पापुद्रा सबंध निघून येतो. चार फळ्यांवर मोहरीचा पिवळा, विटकरी लाल, फिका शेवाळी आणि मळका पांढरा. कोऱ्या पांढऱ्याचा डबा वापरू नये. त्यात पिवळ्या मातीचा चिमूटभर रंग घातला की तो या सगळ्यांत बसतो.

४ ऑक्टोबर

कापड. दुकानात ‘अनब्लीच्ड मस्लिन’ म्हणून मिळणारा मांजरपाट, २ यार्ड. आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढली. खळ राहिली तर कॉफी वरच बसते आणि ठिपके पडतात.

बदाम आधी शिवायचे, भरायचे आणि मगच रंगवायचे. रंगवलेलं कापड शिवलं तर शिवण कोरी पांढरी दिसते आणि दोरा उठून दिसतो. शिवून रंगवलं की शिवणीच्या खाचेत कॉफी जास्त साठते आणि कड आपोआप गडद होते. भरायला पॉलिस्टरचा कापूस, लवकर वाळतो. खरा कापूस आत ओला राहून बुरशी धरतो.

कॉफी: कडकडीत पाणी २ कप, इन्स्टंट कॉफी पाव कप, व्हॅनिला अर्क १ मोठा चमचा, दालचिनी पूड १ छोटा चमचा. स्पंजने लावायची, बुडवलं तर बदाम आतपर्यंत भिजतात. ट्रेवर ॲल्युमिनियमचा कागद पसरून ओव्हन २०० फॅरनहाइटला (सुमारे ९३ अंश सेल्सियस), १५ ते २० मिनिटं, मध्ये एकदा उलटून. ओव्हनपासून हलायचं नाही. याहून जास्त तापमान ठेवलं तर कडा करपतात, आणि करपट तपकिरी हा कॉफीच्या तपकिरीहून सहज वेगळा ओळखू येतो.

रंग एकसारखा आला तर काम फसलं असं समजावं. कापड सुरकुतलेलं वाळवलं की कॉफी ओल्या घड्यांकडे सरकते आणि तिथे गडद रेषा उमटतात. हेच हवं. हा रंग धुण्यात जातो, त्यामुळे अंगावरच्या किंवा रोज धुवायच्या कापडाला तो उपयोगाचा नाही.

कॉफीऐवजी चहा वापरायचा मोह होतो, छटा सुंदर येते. पण गंजलेली घंटा चहाच्या कापडावर दमट हवेत टेकली की लोह आणि टॅनिनचा काळा डाग पडतो, जो निघत नाही. खुंट्यांच्या पट्टीवर हवी असलेली क्रिया इथे नको तिथे घडते. कॉफीनेही थोडं होतं, चहाने फार. घंटा शिवायच्या कापडाला कॉफीच, आणि मध्ये सुतळीची गाठ.

५ ऑक्टोबर

चिंध्यांच्या माळा. कापड विणीतच चौकड्या असलेलं हवं. छापील कापडाची मागची बाजू पांढरी असते आणि गाठ मारली की तीच दिसते. जुनी चौकड्यांची सुती लुंगी किंवा गमछा यासाठी उत्तम. रंग भडक असतील तर कॉफीत बुडवून शांत करावेत.

एक इंचाच्या पट्ट्या फाडायच्या, कापायच्या नाहीत. फाडलं की सरळ धाग्यावर जातं आणि कडेला दशा सुटतात. ४४ इंच पन्ह्याच्या एक यार्ड कापडातून ७ इंची २१६ तुकडे निघतात. ६ फुटी माळेला साधारण १५० लागतात. सुतळीवर साधी गाठ, आणि मधून मधून घंटा.

११ ऑक्टोबर

दालचिनीची लटकणं. दालचिनी पूड १ कप, गाळून पाणी काढलेला ॲपल सॉस १ कप, पांढरा गोंद २ मोठे चमचे. सॉस एकदम ओतायचा नाही. ब्रँडप्रमाणे त्यातलं पाणी कमीजास्त असतं. गोळा हाताला न चिकटता वळला पाहिजे. भेगा पडत असतील तर सॉस एकेक चमचा, चिकटत असेल तर पूड. पिठी म्हणून मैदा वापरू नये, पांढरे डाग राहतात, दालचिनीच भुरभुरावी.

लाटी पाव इंच (६ मिमी) जाड. तारे आणि बदाम कापून स्ट्रॉने भोक, काठापासून निदान एक सेंटिमीटर आत. वाळताना आकार आक्रसतो, भोकही लहान होतं. ओव्हन २०० फॅरनहाइट, सुमारे अडीच तास, दर अर्ध्या तासाने उलटून. एका बाजूने वाळलं की लटकण वाटीसारखं वळतं आणि मग सरळ होत नाही. मधोमध मऊ लागत असेल तर आणखी दोन दिवस जाळीवर.

हातमोजे घालावेत, दालचिनीने हात चुरचुरतात. पूड ओतताना तोंडावर मास्क. आणि प्रत्येक लटकणावर ‘खाण्यासाठी नाही’ अशी चिठ्ठी. गोंद आहेच, शिवाय २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने काही ब्रँडच्या दालचिनी पुडीत शिसं सापडल्याचे इशारे दिले होते. लहान मुलाच्या तोंडात जाईल अशा उंचीवर हे टांगू नये. खाण्याची पूड याला वापरत असाल तर ज्या ब्रँडबद्दल इशारा नाही तोच घ्यावा.

१२ ऑक्टोबर

संत्र्याच्या चकत्या, ६ मिमी जाड. टिपकागदाने दाबून रस टिपला. २०० फॅरनहाइट, तीन ते चार तास, तासातासाला उलटून. मधला गर दाबल्यावर चिकट लागला तर वाळलेली नाही. डब्यात बंद केली की आठवड्यात बुरशी. सालीकडून करपू लागली तर तापमान खाली, वेळ जास्त.

१८ ऑक्टोबर

खुंट्या चिकटवल्या. भोकात थोडाच गोंद. जास्त झाला तर बाहेर ओघळून दुधाच्या रंगावर चकाकी येते. दोन्ही पट्ट्यांना उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात, दहा मिनिटांनी पुसून. तेलाने गेरू एकदम खोल होतो आणि करडी पट्टी थोडी गडद होते, हे आधी चाचणीच्या तुकड्यावर पाहिलेलं बरं.

तेलाचे बोळे चुरगाळून कचऱ्यात टाकणं सर्वांत धोकादायक. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. गोळा केलेला बोळा स्वतःहून पेटू शकतो. फडकी उघड्यावर एकेक पसरून कडक वाळवायची, मगच टाकायची.

२० ऑक्टोबर

दिवाळी. आठवडाभर काम बंद, पट्ट्यांचं तेल मुरू दिलं.

२५ ऑक्टोबर

मेणबत्त्या. बॅटरीवरच्या, प्लास्टिकच्या, सगळ्यांत स्वस्त. खऱ्या वातीच्या मेणबत्तीवर हे कधीही करायचं नाही; बाहेरचा दालचिनी-कॉफीचा थर वातीसारखा पेट घेतो.

कमी तापमानाच्या ग्लू गनने वरच्या कडेपासून ओघळ काढायचे. जास्त तापमानाची गन प्लास्टिक वितळवते. सगळे ओघळ एका लांबीचे नकोत, आणि ते एकाच अंगाला जास्त असावेत. वाऱ्याच्या झोताने खरी मेणबत्ती एका बाजूनेच वितळते. गार झाल्यावर मळक्या पिवळ्या रंगाचा हात, मग पांढऱ्या गोंदाचा, आणि ओल्यावरच दालचिनी पूड व वाळवलेला कॉफीचा चोथा सम प्रमाणात मिसळून त्यात लोळवायची. चोथा ओव्हनमध्ये खडखडीत वाळवलेला हवा. ओला असेल तर गोंदाखाली बुरशी येते, वासही येतो.

बॅटरीचं झाकण आणि बटण यांना कागदी टेप लावून मगच सुरुवात. टेप न लावता गोंद फासला तर बॅटरी बदलायला झाकणच उघडत नाही, आणि मग मेणबत्ती महिन्याभरात फेकावी लागते.

वरून मॅट स्प्रे. त्याशिवाय पूड टेबलावर झडत राहते.

२६ ऑक्टोबर

जुळणी आणि खर्च. खुंट्यांची पट्टी प्रत्येकी दहा डॉलरच्या आत पडली, त्यात निम्म्याहून अधिक भाग लाकूड आणि खुंट्यांचा. पॅलेटच्या फळ्यांना फक्त रंग आणि गोंदाचा खर्च. दालचिनी सगळ्यांत महाग वाटते, पण भारतीय किराणा दुकानातली मोठी पिशवी घेतली की किंमत इथल्या सुपरमार्केटच्या छोट्या बाटल्यांच्या मानाने फार खाली येते. कंदिलांना जवळपास शून्य.

किंमत ठरवताना साहित्यापेक्षा हाताचा वेळ मोजावा. सर्वांत जास्त वेळ चिंध्यांच्या माळेला लागतो आणि गिऱ्हाईक नेमकं तिलाच स्वस्त समजतं. तिची किंमत कमी करण्यापेक्षा ३ फुटी लहान माळा करून ठेवल्या.

कंदिलांच्या आत बॅटरीचे छोटे दिवे. आतल्या बाजूला भोकांच्या पत्र्याची धारदार टोकं असतात. दिवा ठेवताना बोट कापू नये म्हणून गोल कानस एकदा फिरवून घेतली.

३१ ऑक्टोबर

माल भरला. गंजलेल्या वस्तू वेगळ्या खोक्यात, कापडापासून दूर, प्रत्येक घंटा कागदात. दालचिनी आणि संत्री हवाबंद डब्यात, तळाला सिलिका जेलच्या पुड्या. दुधाच्या रंगाची पट्टी प्लास्टिकमध्ये गुंडाळायची नाही. आत दव धरतं आणि रंगावर पांढरे डाग येतात. तिला जुनी चादर.

प्रत्येक वस्तूला सुतळीने बांधलेली चिठ्ठी, त्यावर तीनच गोष्टी: कशाची केली आहे, कुठे ठेवावी, काय करू नये. घंटांच्या चिठ्ठीवर ‘ओल्या जागी किंवा फिक्या कापडावर ठेवू नये’, मेणबत्त्यांच्या चिठ्ठीवर ‘AA’ बॅटरीचं नाव देवनागरीत लिहून उपयोग नाही, म्हणून तिथे बॅटरीचं चित्र काढलं आहे. खुंट्यांच्या पट्टीबरोबर अडीच इंची दोन स्क्रू आणि १६ इंचांची खूण केलेली कागदी पट्टी.